किरणांनी बांधलेले पाणी

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा, देणगीदारांचे ऋण मान्य केले जावे, दिवंगत कार्यकर्त्यांची आठवण व्हावी, हे रीतीला धरूनच आहे. अशा अंकात जेल, किरण आणि वीज यांवरचा लेख कशाला, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर आमच्यापाशी आहे. हा लेख आम्ही एका आजीबाईंचे देणे लागतो.

गोष्ट गेल्या दिवाळीतील. सुभाष रोडवरील संस्थेच्या खोलीत रविवारी सकाळी वैद्यकीय साहाय्य समिती बसते, हे वाचकांस ठाऊक आहेच. खाली बाजारात सणाची गर्दी उसळलेली असताना समाजातील एक वयोवृद्ध आजी जिना चढून वर आल्या. चकल्या तळताना कढईतले तेल उडून त्यांच्या सुनेचा हात भाजला होता. डॉक्टरांनी जखमेवर ठेवण्यासाठी एक पारदर्शक, ओलसर, लिबलिबीत पट्टी लिहून दिली होती व ती समितीनेच आणून दिली होती. आजींनी ते पाकीट न फोडता परत आणले. हा माल गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला आहे, असे त्यावर छापले होते आणि कॉलेजात जाणाऱ्या नातवाने त्याचा अर्थ सांगितला होता. आजी म्हणाल्या, "अहो, हे अणुबाँबातलं काहीतरी दिसतंय. पोरीच्या हाताची आधीच आग होतेय, त्यावर हे कसं लावू?"

आम्ही समजूत घातली. "बरं, तुम्ही म्हणताय तर लावते," असे म्हणून आजी पाकीट घेऊन गेल्या. पण ते 'तुम्ही म्हणताय तर' आम्हांस टोचत राहिले. आजी आमच्या शब्दाखातर गेल्या, पटले म्हणून गेल्या नाहीत.

त्याच महिन्यात दुसरे एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. वीज वाहून नेणाऱ्या जेलचे ठिगळ लावून हृदय बरे करता येते, असे त्यांनी कोठेतरी वाचले होते. ते कोठे मिळते एवढे सांगा, प्रसंगी घर गहाण टाकू, असे ते म्हणत होते. आजी जे निर्धोक आहे त्याला भीत होत्या. हे गृहस्थ जे अद्याप मिळतच नाही त्यासाठी घर गहाण टाकावयास निघाले होते. दोघांच्याही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे उत्तर एकत्र देण्याचे आम्ही ठरविले.

जेल म्हणजे काय?

आपल्या बोलण्यात जेल म्हणजे तुरुंग. ज्या जेलविषयी आपण बोलत आहोत तो शब्द निराळा. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर तोही तुरुंगच आहे. सब्जाचे बी पाण्यात टाकले की थोड्याच वेळात त्याच्याभोवती बुळबुळीत गोळा तयार होतो. त्यात बहुतेक सारे पाणीच असते, तरीही ते ओघळत नाही. चिकाचे दूध वाफवले की खरवस होतो. दुधातील प्रथिनांचे लांब रेणू एकमेकांत गुंततात व पाणी त्या जाळ्यात अडकून बसते. लांब धाग्यांसारख्या रेणूंचे जाळे आणि त्यात कोंडलेले पुष्कळसे पाणी, हीच हायड्रोजेलची व्याख्या होय.

धागे अडकण्याचे दोन प्रकार असतात. चायना ग्रासची जेली गरम केली की वितळते, कारण तिच्यातील धागे केवळ एकमेकांना बिलगलेले असतात. खरवस कितीही तापवला तरी पुन्हा दूध होत नाही. औषधोपचारासाठी लागणारे जेल या दुसऱ्या जातीचे, म्हणजे पक्क्या गाठींचे असावे लागते.

असे जेल शरीराच्या कामी आणण्याचा विचार प्रथम ठामपणे मांडला तो चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लीम यांनी, १९६० साली. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातील जोडकामाचे सुटे भाग व सायकलचा डायनॅमो यांपासून घरीच एक यंत्र रचले आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तयार केल्या. आज लक्षावधी लोक डोळ्यांत घालतात त्या लेन्सचा जन्म असा घरगुती आहे.

भाजलेल्या जखमेवर जेल का ठेवावयाचे, हेही येथेच सांगतो. जखम कोरडी होऊन खपली धरली की ती बरी होते, असा पूर्वापार समज होता. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखविले की, झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने येते. मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिल्या, त्यामागेही जखम ओलसर राहावी हाच हेतू होता. जेलची पट्टी जखम ओली व गार ठेवते, तिला चिकटून बसत नाही, आणि पारदर्शक असल्यामुळे ती न काढता डॉक्टरांना खालची जखम पाहता येते.

किरण काय करतात?

आता गाठी मारावयाच्या कशा, हा प्रश्न. रासायनिक द्रव्य घालून त्या मारता येतात. परंतु अशी काही द्रव्ये विषारी असतात व त्यांचा शेष जेलमध्ये राहिला तर तो धुऊन काढावा लागतो. किरणांचा मार्ग येथे उपयोगी पडतो.

हे किरण कोबाल्ट-६० या धातूतून निघतात. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून तो बनवितात. आपल्या देशात तो वीज निर्माण करणाऱ्या अणुभट्ट्यांतच तयार होतो. त्याची शक्ती ५.२७ वर्षांत निम्मी होते. त्याचे गॅमा किरण पाण्यातून जातात तेव्हा पाण्याचे काही रेणू फुटतात. त्या तुकड्यांपैकी हायड्रॉक्सिल नावाचा तुकडा फार उतावळा असतो. जवळच्या लांब धाग्यातून तो हायड्रोजनचा एक अणू ओढून घेतो व पुन्हा पाणी होऊन जातो. धाग्याला मात्र त्या जागी मोकळा हात राहतो. शेजारच्या धाग्यालाही असाच मोकळा हात असेल तर दोघे हात धरतात. हीच पक्की गाठ. अशा असंख्य गाठी पडल्या म्हणजे पातळ द्रावणाचे जाळे होते.

भाजलेल्या जखमेच्या पट्टीसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने जे तंत्र बसविले त्यात मुख्य धागा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा आहे. नावात अल्कोहोल असले तरी त्याचा मद्याशी संबंध नाही. कापडगिरण्यांत सुताला खळ देण्यासाठी ते वापरतात. त्यासोबत समुद्रशेवाळापासून काढलेली पिठूळ द्रव्ये असतात. बाकी सारे पाणी. पोलंडमध्ये वुच येथे यानुश रोस्याक यांनी याच प्रकारचे काम थोड्या निराळ्या धाग्यावर केले व तेथील पट्टीही रुग्णालयांत गेली.

कृती ऐकून गृहिणींना वड्या थापण्याची आठवण होईल. गरम द्रावण साच्यात ओतावयाचे, निवू द्यावयाचे, पाकिटात घालून पाकीट कायमचे बंद करावयाचे, आणि मग बंद पाकिटावर किरण सोडावयाचे. साधारण २५ किलोग्रे इतकी मात्रा दिली की आतील धाग्यांना गाठी पडतात आणि त्याच वेळी जंतूही मरतात. गाठी मारणे व निर्जंतुक करणे ही दोन कामे एकाच खेपेस होतात, आणि नंतर पाकीट थेट रुग्णाच्या उशाशीच फुटते.

२५ किलोग्रे म्हणजे दर किलोमागे पंचवीस हजार ज्यूल ऊर्जा. तेवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम ६ अंश तापेल. हे काम उष्णतेचे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. परंतु हीच मात्रा जिवंत शरीराला भयंकर आहे. सर्व अंगावर ४ ते ५ ग्रे मात्रा पडली व उपचार झाले नाहीत तर निम्मी माणसे दगावतात. म्हणून अशा कारखान्यांच्या भिंती दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या असतात आणि काम नसेल तेव्हा कोबाल्ट खोल पाण्याच्या हौदात उतरवून ठेवण्याची रीत आहे. ट्रॉम्बे येथे १९७४ पासून आयसोमेड हा कारखाना वैद्यकीय साहित्य किरणांनी निर्जंतुक करण्यासाठी उभा राहिला. २००२ साली नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरण देण्याचे केंद्र निघाले. तेथील मात्रा पट्टीच्या मात्रेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते.

आता आजींच्या शंकेकडे वळू. भीती खोटी नव्हती; ती चुकीच्या जागी होती. धोका कारखान्यातील कोबाल्टपाशी आहे, पाकिटात नाही. कोबाल्ट पाकिटात जात नाही, पाकिटाला शिवतही नाही. त्याच्या किरणांची शक्ती धाग्यांतील बंध तोडण्यास पुरेशी असते. पाण्याच्या किंवा धाग्याच्या अणूंना किरणोत्सर्गी करण्यास ती पुरत नाही. गच्चीवर वाळवलेले पापड आपण डब्यात भरतो तेव्हा डब्यात ऊन भरत नाही. उन्हाने केलेला बदल तेवढा पापडात राहतो. पट्टीत राहतात त्या किरणांनी मारलेल्या गाठी. किरण तेव्हाच संपलेले असतात.

जखमेची वीज

येथवर साध्या पट्टीची हकीकत झाली. विजेचा यात प्रवेश कोठून होतो, असे वाचक विचारतील. तो खुद्द जखमेतूनच होतो.

१८४३ साली जर्मनीतील एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी स्वतःच्या कापलेल्या बोटातून निघणारा अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजला. आपली त्वचा आत आणि बाहेर यांत विजेचा किंचित फरक राखून असते. त्वचा फाटली की त्या जागी प्रवाह सुरू होतो, आणि जखम भरून काढणाऱ्या पेशी त्याच्या रोखाने सरकतात. मज्जातंतूच्या पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा इशाराही विजेचाच. छातीच्या त्वचेपर्यंत येता येता तो सुमारे १ मिलिव्होल्ट उरतो.

पण शरीरातील वीज व तारेतील वीज यांची भाषा निराळी आहे. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. शरीरात मिठाच्या पाण्यातील आयन, म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे भारित अणू, इकडून तिकडे जातात. आपल्या धारवाडात मराठी व कानडी दोन्ही जाणणारा मध्यस्थ दुकानी असला की व्यवहार सुरळीत होतो, तसाच दुभाषी येथेही लागतो. हॉलंडमधील आयंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाचा विद्युत्‌-आलेख काढला तेव्हा रुग्णाला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ई. सी. जी. काढताना छातीवर गोल चिकट चकत्या लावतात; त्यांत चांदी, चांदीचे क्लोराइड व खारट जेल असते. आयंथोव्हेन यांचे भांडेच आता चकतीएवढे लहान झाले आहे. विद्युत्‌वाहक जेल ही आपल्या घराघरांतून गेलेली वस्तू आहे, फक्त तिचे नाव आपण घेत नव्हतो.

जेलमधून वीज कशी न्यावी?

खारट जेल त्वचेवर काही काळ चांगले काम देते. परंतु शरीरात बसवावयाचे असेल तर धाग्यांच्या जाळ्यातच वीज नेणारे काहीतरी गुंफावे लागते. त्याचे दोन मार्ग मुख्य आहेत.

पहिला मार्ग बारीक कणांचा. चांदीचे क्षार जेलच्या द्रावणात विरघळवून किरण सोडले, तर पाणी फुटताना सुटलेले इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांना पकडतात व तेथल्या तेथे चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. जाळे त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाही. चांदी जंतुनाशकही असल्यामुळे जखमेला दुहेरी लाभ. पण वीज जावयाची तर कणाला कण लागून असावा लागतो. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग असेल तरच बादली हातोहात जाते. मध्ये चार हातांचे अंतर पडले की बादली अडली. कण थोडे असतील तर वीज अडते, फार झाले तर जेल ठिसूळ होते.

दुसरा मार्ग वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक म्हणजे विजेला अडविणारी वस्तू, हा आपला अनुभव. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांनी एका पॉलिमरच्या पातळ पापुद्र्यास आयोडिनची वाफ देऊन त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढविली. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातील पॉलिॲनिलीन घेऊन इटलीतील पालेर्मो येथील संशोधकांनी २००६ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. पॉलिॲनिलीन एरवी पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण पाणी धरणाऱ्या धाग्याच्या द्रावणात तरंगत ठेवावयाचे, आणि त्या द्रावणावर गॅमा किरण सोडून धाग्यांना गाठी मारावयाच्या. कण जाळ्यात अडकतात, जेल मऊ राहते आणि त्यातून वीजही जाते.

इतके झाल्यावर काम संपले असे मात्र नाही. पॉलिॲनिलीन आम्ल वातावरणात वीज चांगली नेते. आपले रक्त किंचित अल्कधर्मी असते, तेथे त्याची वाहकता ओसरते. जेल पाणी पिऊन फुगले की कण दुरावतात. किरणांची मात्रा वाढविली तर गाठी दाट होऊन जेल ताठर बनते. शिवाय सर्वच धाग्यांना किरण मानवत नाहीत. कापूस, शेवाळ किंवा कोळंबीच्या सालीपासून काढलेले धागे गाठ पडण्याऐवजी तुटूच लागतात. विणकराला सूत, ताण आणि खळ तिन्ही सांभाळावी लागतात. येथेही धागा, कण आणि मात्रा यांचा मेळ जमविण्यात संशोधकांची वर्षे जातात.

आज काय आहे आणि काय नाही

हा सारा खटाटोप कशासाठी? मेंदू खरवसाइतका मऊ आणि धातूची तार कठीण. कंपवाताच्या काही रुग्णांच्या मेंदूत विजेचे सूक्ष्म झटके देणाऱ्या धातूच्या तारा बसवितात. कठीण वस्तूभोवती शरीर व्रणाचे वेष्टण करते व इशारा मंदावतो. तारेवर मऊ वाहक जेलचा लेप असावा, ही त्यावरची कल्पना. तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये जेलची नळी ठेवून वाढीला वाट दाखवावी, ही दुसरी. आणि तिसरी हृदयाची. झटक्यानंतर हृदयाचा जो भाग मरतो तेथे व्रण होतो. तो आकसत नाही आणि इशारा पुढे नीट जाऊ देत नाही. त्यावर वाहक जेलचे ठिगळ लावले तर दोन्ही बाजूंचे जिवंत स्नायू एका तालात येतील, अशी आशा आहे. उंदरांवरील प्रयोगांत ती काही प्रमाणात फळाला आली आहे.

उंदरांवरील, हा शब्द आमच्या त्या गृहस्थांनी पुन्हा वाचावा. उंदराचे हृदय शेंगदाण्याएवढे. माणसाचे मुठीएवढे, आणि ते दिवसात सुमारे एक लाख वेळा आकसते. ते ठिगळ वर्षानुवर्षे टिकेल काय, ताल सुधारण्याऐवजी बिघडविणार तर नाही ना, याची परीक्षा पूर्ण झाल्याखेरीज ते उपचार म्हणून देता येत नाही. आज ते नेहमीच्या उपचारांत नाही. म्हणून कोणी ते विकावयास आला तर घर गहाण टाकू नये, त्याला दारातूनच परत पाठवावे. वडिलांच्या गोळ्या वेळेवर द्याव्या, तपासणी चुकवू नये, तंबाखू सोडवावी. तो पैसा तेथे खर्च व्हावा.

याउलट भाजलेल्या जखमेची किरणसिद्ध पट्टी आणि ई. सी. जी. ची चकती या आजच्या वस्तू आहेत. डॉक्टरांनी सांगितल्यास त्या निःशंकपणे वापराव्या. भाजल्यावर पहिला उपाय मात्र नळाच्या वाहत्या पाण्याचा, वीस मिनिटे. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावू नये. भाजलेली जागा मोठी असेल, अथवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

हे शास्त्र दूरदेशीचे म्हणून त्याकडे परकेपणाने पाहण्याचेही कारण नाही. आपल्याच गावी कर्नाटक विद्यापीठात प्रा. तेजराज अमिनभावी व त्यांचे विद्यार्थी यांनी दीर्घकाळ पाणी धरणाऱ्या पॉलिमर धाग्यांवर काम केले; औषध जाळ्यात कोंडून ते शरीरात हळूहळू सुटावे, हा त्यातील एक मोठा विषय. सुभाष रोडवरून विद्यापीठाच्या टेकडीपर्यंत बसने जाण्यास कितीसा वेळ लागतो! संस्थेच्या शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींपैकी एखाद्याने या वाटेला जावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. त्या गृहस्थांना आज जे नाही म्हणून सांगावे लागले, ते उद्या होय म्हणून सांगता यावे, यासाठी कोणीतरी ही वर्षे खर्चावयास हवीत.

आजी संक्रांतीच्या सुमारास तिळगूळ घेऊन आल्या. सुनेचा हात भरून आला होता. थोडा डाग राहिला होता, तोही जाईल असे डॉक्टर म्हणाले होते. आम्ही त्यांना पापडाचा दाखला सांगितला. त्या म्हणाल्या, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत? रात्रभर झोप नव्हती मला."

समितीने त्यानंतर एक नियम केला आहे. यापुढे साहाय्य म्हणून दिलेल्या प्रत्येक वस्तूसोबत मराठीत व कानडीत चार ओळींची चिठ्ठी जाईल : ही वस्तू काय आहे, कशी केली आहे, तिने काय होईल आणि काय होणार नाही. वस्तू देणे हे दान झालेच. पण घेणाऱ्याची रात्रीची झोप जाऊ नये, याचीही काळजी देणाऱ्याने घ्यावयास हवी.